नवशिक्यांसाठी सोपे

मोदी नंबर दोनच्या चिंचोळ्या दुकानात
एसीच्या बरोब्बर खाली उभा राहून म्हटलं,
बाबू, व्हिडिओ कापायचं, जोडायचं,
एखादं सोपं सॉफ्टवेअर दे.
तो म्हणाला, काका, बिगिनर का?
बिगिनर नाही रे, रिटायर.

एकतीस वर्षं गणेशपेठ डेपोला कंडक्टर होतो.
कापणं म्हणजे मला चिमटा ठाऊक,
तिकिटाच्या कडेला एक नेमकं भोक.
एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
त्यानं जे पहिलं उघडून दाखवलं, त्यात बटणं इतकी
की दिवाळीत उमरेड गाडीला लोंबकळलेली माणसं बरी.

दुसरं फुकट होतं,
म्हणजे पंधरा दिवस फुकट, पुढे डॉलर.
मग हळूच पेनड्राइव्ह सरकवला:
क्रॅक आहे काका, कोणी विचारत नाही.
मी विचारायचो.
विदाउट तिकीट माणूस मला मागच्या सीटवरून कळायचा.
पेनड्राइव्ह परत केला. तो हसला. मीही, थोडं.

शेवटी मोबाइलवरचंच एक घेतलं,
ज्याच्या नावाखाली चक्क मराठीत लिहिलं होतं,
नवशिक्यांसाठी सोपे.

बाहेर सेहेचाळीस डिग्री.
घरी येऊन कूलरमध्ये चार बादल्या ओतल्या आणि बसलो.

व्हिडिओ भागीरथा आत्याचा.
कळमन्याच्या मार्केटात मिरचीचे देठ खुडते ती,
त्र्याहत्तर वय, नाकावर पदर, बोटं चालूच.
बोलायला पदर खाली घेते आणि सांगते
अंभोऱ्याच्या जत्रेत गोंदणारीनं तिला
मांडीखाली कसं दाबून धरलं,
हनुवटीवर तीन ठिपके टोचले,
आणि मायनं तिला पायलीभर ज्वारी दिली.

जादूच्या कांडीचं एक बटण होतं. दाबलं.
आत्या उजळली,
उकडून सोललेल्या बटाट्यासारखी.
सुरकुत्या गेल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग पाहतो तर हनुवटी कोरी.
तिन्ही ठिपके डाग समजून पुसलेले,
आणि उजव्या खांद्यावर
कंपनीनं स्वतःचं नाव गोंदलेलं,
एक दाणा ज्वारी न घेता.

मागे फिरायचा वाकडा बाण सापडायला वीस मिनिटं लागली.
भाची शलाका फोनवर म्हणाली, मामा, ऑटो बंद करा.
ऑटो कुठे असतो ते तिला सांगता येईना,
मला सापडेना.
ते काढून टाकलं.

दुसरं एक उतरवलं, मंद, कुरूप, दोन तारे मिळालेलं.
त्याला काहीच येत नाही.
कापणं, जोडणं, आवाज कमी-जास्त, झालं.
चेहरा ओळखत नाही ते.
चालेल. चेहरा मी ओळखतो.

रात्री एकपर्यंत बसलो.
मिरचीच्या ठसक्यानं आत्या सारखी खोकत होती,
खोकला कापला तर गोष्ट तुटायची,
म्हणून तेवढा आवाज खाली ओढत राहिलो
बोटानं, हळूहळू, एका एका थांब्याला.

सोमवारी फोन घेऊन कळमन्यात गेलो.
देठांच्या ढिगाशी सगळ्या बाया जमल्या.
हात मिरचीचे, म्हणून कोणी फोनला शिवेना,
आत्यानं मान पुढे काढून पाहिलं.
ठिपके होते तिन्ही, काळे, जिथल्या तिथे.
ओठ हलत होते.

माह्या आवाज काहून नाई येऊन राह्यला रे?

पट्टी शून्यावर राहिली होती.
कूलरच्या घरघरीत मला कळलंच नव्हतं.
मी वाकडा बाण शोधायला लागलो.

राहू दे, आत्या म्हणाली, मीच सांगतो.
आणि मुक्या व्हिडिओच्या शेजारी बसून
अंभोऱ्याची जत्रा तिनं पहिल्यापासून लावली.

या खेपेला ज्वारी दोन पायल्या होती.